रुक्मावतीच्या काठावरून

भुज

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

यंदा सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला यायला जमलं नाही. नंदीध्वज निघाले तेव्हा मी बँकेत पासबुकं भरत होते. फोनवर बाबा नुसतं "बरं" म्हणाले, ते अजून मनात आहे. म्हणून पत्रच लिहायला बसले. जे सांगायचंय ते फोनवर मावणारही नाही.

परवा रविवारी मांडवीला जाऊन आले. भुजपासून साठेक किलोमीटर. रुक्मावती नदी तिथे समुद्राला मिळते आणि तिच्या काठावर लाकडी जहाजं बांधतात. इथे जहाजाला वहाण म्हणतात. आई, तुला आधी चपलाच आठवतील. मी चालत होते रस्त्यावरून आणि एकदम डोक्यावर दोन-तीन मजली लाकडी भिंत उभी! नदीच्या गाळातच टेकू लावून ठेवलेलं अर्धं जहाज. मांडव नाही, छप्पर नाही. उघड्यावर ठोकाठोक चाललेली.

बाबा, मला तिथे सतत तुम्हीच दिसत होतात. वाकस, पटाशी, करवत, सगळी आपल्या घरातली हत्यारं. आधी तळाचं लांबलचक लाकूड पाठीच्या कण्यासारखं ठेवतात, मग दोन्ही बाजूंनी बरगड्या चढतात. बरगड्यांना बाभूळ लागते, आणि तीही जन्मतः वाकडी. सरळ लाकूड कापून वाकडं केलं तर रेषा तुटतात नि तिथूनच ते फुटतं, म्हणून जहाजाच्या पोटाला जुळेल असं वळण असलेलीच फांदी ढिगातून हुडकून काढतात. तुम्ही बैलगाडीच्या जुवासाठी बाभूळ निवडताना हेच सांगायचात. बाहेरच्या फळ्या मात्र साल लाकडाच्या, तीही मलेशियाहून आलेली. पूर्वी मलबारचा साग यायचा.

नकाशा कुठे आहे म्हणून मी विचारलं. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी कपाळावर बोट ठेवलं. सगळं माप डोळ्यात आणि सुतात. असं एक मोठं वहाण उभं राहायला दोन-दोन वर्षं जातात.

पण ज्यासाठी हे पत्र लिहितेय ती गोष्ट पुढेच आहे. दोन फळ्यांच्या सांध्यातून पाणी येऊ नये म्हणून तिथे काय भरतात, सांगा बघू? कापूस! कापसाचा पीळ घेऊन, तेलात भिजवून, बोथट पटाशीनं सांध्यात ठोकून बसवतात. पाण्यात गेलं की लाकूड फुगतं, कापूसही फुगतो, आणि सांधा घट्ट होतो. एक माणूस दिवसभर फक्त तेवढंच करत बसलेला. टक्‌ टक्‌ टक्‌. आपल्या गावानं आयुष्यभर कापूस कातला, विणला, चादरी केल्या. तोच कापूस समुद्र अडवतो, हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

जुनी वहाणंही इथेच दुरुस्तीला येतात. पावसाळ्यात दर्या खवळतो, प्रवास बंद असतो, तेव्हा ती काठावर घेतात. तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, कुजलेली फळी काढून नवी बसवायची, सांध्यांतला कापूस बदलायचा, तेल-रंग द्यायचा. नवं वहाण पाण्यात सोडायला मात्र अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती पाहतात. पूर्वी शिडांवर चालायची, आता इंजिनं बसवतात; आखाताकडे, आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे माल घेऊन जातात.

गुजरातच्याच किनारपट्टीवरचा रामसिंग मालम नावाचा एक खलाशी अठराव्या शतकात हॉलंडला पोचला, तिथे काच, मीनाकारी, घड्याळं असं सगळं शिकून आला आणि कच्छचे राजे राव लखपतजी यांच्यासाठी त्यानं भुजचा आईना महाल घडवला. मी रोज बँकेत जाते ती त्याच्याच बाजूनं. २००१ च्या भूकंपात महालाचं बरंच नुकसान झालं, तरी आतली काच अजून पाहायला मिळते.

बाबा, गिरणी बंद पडली त्या वर्षी तुम्ही हत्यारांची पेटी माळ्यावर टाकलीत. "या हाताला आता कोण विचारतो" असं एकदाच म्हणालात, पुन्हा कधी बोलला नाहीत. मी तेव्हा सातवीत होते. आईच्या विड्यांवर घर चाललं, ते मी विसरलेली नाही. पण तुमचं ते वाक्य माझ्या मनात जास्त खोल रुतलंय. मांडवीत मला ते खोटं पडताना दिसलं. तिथे तुमच्याएवढी माणसं आहेत, पांढऱ्या केसांची, आणि तरणी पोरं त्यांना विचारल्याशिवाय एक फळी हलवत नाहीत.

मिस्त्रींना मी तुमच्याबद्दल सांगितलं. आडवा धागा नेणारा मागाचा धोटा कसा असतो, ते हातानं करून दाखवलं. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये पोकळ. ते म्हणाले, "हे तर वहाणच झालं." मग म्हणाले, वडलांना घेऊन या.

तर तुम्ही दोघं या. मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलंय, डोळ्यांना दिसतंय तोवरच या. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी दादरला उतरा, दुपारी तिथूनच भुजची सयाजीनगरी सुटते. दादरला मी स्वतः घ्यायला येते. आई, मे २०२४ मध्ये उजनीत कुगावहून कळाशीला जाणारी बोट वाऱ्यानं उलटली, ६ जण गेले, तेव्हापासून तू नावेचा विषय काढू देत नाहीस. तुला पाण्यात कोणी नेणार नाही. सगळं काठावर उभं राहूनच बघायचं आहे, अगदी चंद्रभागेच्या वाळवंटात उभं राहावं तसं.

माघात ऊन मऊ असतं. तारीख कळवा, तिकिटं मी काढते. आणि देवघराच्या फळीवरचा तो धोटा जुन्या चादरीत गुंडाळून पिशवीत घाला. मिस्त्रींना दाखवायचाय.

तुमची,
मनी