कारखान्यासाठी गालिचे अंथरताना

संपादक महोदय,

ग्रामीण भागात उद्योग आणायचे म्हटले की आधी करमाफीचीच भाषा सुरू होते. अमेरिकेतील ग्रामीण कौंट्यांत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत) ही चढाओढ जुनी आहे. मिसिसिपी राज्याने १९३६ मध्येच कर्जरोख्यांच्या पैशातून कारखान्यांना इमारती बांधून देण्याची योजना आणली होती.

विस्कॉन्सिनमधील माउंट प्लेझंटचे उदाहरण अधिक बोलके. २०१७ मध्ये फॉक्सकॉन या तैवानच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने तिथे १३,००० नोकऱ्यांचा शब्द दिला आणि राज्याने सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या. शेतजमिनी गेल्या, घरे पडली, रस्ते रुंद झाले. २०२१ मध्ये करार बदलला, तेव्हा नोकऱ्यांचा आकडा उरला १,४५४! सवलती नोकऱ्यांशी बांधलेल्या होत्या, म्हणून त्याही ८ कोटी डॉलरपर्यंत खाली आल्या, हे त्यातल्या त्यात नशीब. पण जमिनीसाठी आणि जलवाहिन्यांसाठी काढलेले कर्ज नोकऱ्या घटल्या म्हणून घटत नाही.

खात्रीची वीज, इंटरनेट आणि स्थानिक मुलांना यंत्रावर काम शिकवणारी संस्था यांवर झालेला खर्च कंपनी गेली तरी गावातच राहतो. आधीपासून तग धरून असलेल्या लहान कारखान्यांकडे मात्र कुणी फिरकत नाही. त्यांच्या उद्घाटनाची फीत केव्हाच कापून झालेली असते. निदान सवलतींचे करार तरी सही होण्याआधी लोकांसमोर ठेवावेत.

— एक वाचक