गल्लीत राहायचं तर

ती. आई व ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

घर सोडायचं नाही हे तुमचं ठरलंय, ते मला पटतं. आग्रा रोड, भाजीबाजार, डॉक्टर सगळं पायी. लांबच्या कॉलनीत फ्लॅट घेतला तर दुधाच्या पिशवीलाही रिक्षा करावी लागेल. पण रोज उठून गल्लीशी भांडायचं, हेही या वयात नको. जो त्रास उंबऱ्याच्या आत अडवता येतो, तो आधी अडवू या.

बाबा, आवाजापासून सुरुवात करा. १८१९ च्या सुमारास इंग्रज अधिकारी ब्रिग्ज साहेबाने धुळ्याच्या या गल्ल्या सरळ आखल्या. त्या काळी त्यातून बैलगाड्या जायच्या, आता बुलेट जातात आणि समोरासमोरच्या भिंतींत आवाज घुमत राहतो. आपली पुढची भिंत जाड आहे, हॉर्नचा आवाज तिच्यातून फारसा येत नाही. तो येतो फटींतून. जिथून हवा येते तिथून आवाज येतो, एवढं धरून चाला. रात्री दिवे घालवून कुणालातरी बाहेरून दारावर बॅटरी मारायला सांगा. आतून उजेड दिसेल ती प्रत्येक फट बुजवायची. दोन फळ्यांच्या मधे आणि चौकटीच्या खाचेत रबरी पट्टी, दाराखाली स्क्रूने बसणारी रबराची पट्टी. नुसती चिकटवलेली पट्टी आपल्या उन्हाळ्यात गोंद सुटून लोंबते. जाड पडदे आणि अंड्यांचे ट्रे यांवर एक रुपया घालू नका. त्यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज थांबत नाही.

पुढची खिडकी सरकती आहे, तिला खालून फट राहणारच. ती काढू नका. आतल्या बाजूला बिजागरीची दुसरी खिडकी बसवा, दोन्ही काचांत चार इंच अंतर ठेवून. बाहेरची काच ४ मिमीची असेल तर आतली ६ मिमीची घ्या. दोन्ही सारख्या असल्या की एकाच सुराला दोन्ही थरथरतात. चौकटीभोवती सिलिकॉन भरून घ्या, गवंडी सिमेंटवर भागवायला बघेल. तरी डीजेचा धमधमाट यातून येईलच, तो भिंतीतूनच येतो. त्यावर एकच उपाय, पलंग माजघराच्या मागच्या खोलीत न्यायचा.

आता खरी अडचण. मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की बंद खिडकीत झोपणार कसं? कूलर आहे, पण बंद खोलीत तो नुसती दमट हवा फिरवतो आणि अंग चिकचिकतं. त्याला बाहेरची कोरडी हवा ओढायला आणि ओली हवा जायला वाट लागते. म्हणून कूलर पुढच्या खिडकीतून हलवून मागच्या अंगणाकडे लावा. पुढची खिडकी बंदच ठेवा आणि हवा जायला जिन्याच्या वरचा झरोका उघडा. धाब्यावरून, म्हणजे आपल्या मातीच्या गच्चीवरून, आवाज येईल, पण गल्लीइतका नाही. कूलरच्या ताट्यांतलं गवत दर हंगामाला नवं घाला. आपल्या जड पाण्याने त्यावर क्षार धरतात आणि हवा अडते. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कडा घासायच्या. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे नुसतं पाणी बदलून भागत नाही. आणि आई, पाणी भरताना पिन काढल्याशिवाय हात लावायचा नाही. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि कच्चं अर्थिंग एकत्र आलं की जीव जातो. वायरमनकडून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) बसवून घ्या, हे काम पुढे ढकलू नका.

पाण्याचं सांगते. गल्लीत सगळ्यांनी नळाला मोटर जोडली आहे, म्हणून तुम्हालाही जोडावी वाटते. जोडू नका. मोटर लाइनमधून ओढते तेव्हा पाइपात पोकळी तयार होते, आणि पाइप गटाराच्या कडेने गेलेला असला, जोड गळका असला, की तिथून गटाराचं पाणी आत येतं. अंगणात जमिनीलगत टाकी ठेवा, नळ तिच्यात आपल्या दाबाने पडू दे, टाकी भरली की आपोआप बंद होणारा तरंगत्या गोळ्याचा व्हॉल्व्ह लावा, आणि मोटर या टाकीतून वर चढवायला वापरा. वरची टाकी धाब्याच्या मधोमध नको. हजार लिटर म्हणजे एक टन, वर मातीचा थर आधीच आहे, आणि खालची लाकडं आजोबांच्या काळातली. दोनशे-तीनशे लिटरची पुरे, तीही भिंतीच्या डोक्यावर येईल अशी. नळ आला की पहिल्या काही बादल्या धुण्या-पुसण्याला काढा. हजार लिटर स्वच्छ पाण्याला चांगली ब्लीचिंग पावडर अडीच ग्रॅम पुरते: मगात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं आणि तासभर थांबायचं. गढूळ असेल तर आधी तुरटी. पिण्याचं मात्र उकळूनच.

वरच्या न्हाणीतून वास येतो म्हणालीस ना आई? गटार तुंबलेलं नाही. तिथे कुणी आंघोळ करत नाही, जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वाटीतलं, पाणी आटतं आणि गटाराची हवा सरळ वर येते. आठवड्याला तांब्याभर पाणी ओत, वर चमचाभर तेल सोड म्हणजे लवकर उडणार नाही. झुरळंही त्याच वाटेने येतात. आणि कुरडया यंदा ओट्यावर नकोत, रस्त्याची धूळ बसते. धाब्यावर घाल, पण चीक वर चढवायला कुणाची तरी मदत घे.

ओट्याला टेकून लागणाऱ्या गाड्यांचं काय करायचं? कुंड्या, दगड, साखळी काही ठेवू नका, बाबा. रस्ता आपला नाही. उद्या अतिक्रमण म्हणून आपल्यालाच नोटीस येईल. शेजाऱ्यांकडे एकच गोष्ट मागा: दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत सलग तीन फूट वाट. स्ट्रेचर आणि चाकाची खुर्ची त्यातून जाते. 'पार्किंग बंद करा' म्हटलं की भांडण होतं, 'आमच्या घरी म्हातारी माणसं आहेत, तुमच्याही आहेत' म्हटलं की पोरं गाडी सरळ लावतात. १०८ ची गाडी संध्याकाळी आत शिरणार नाही, तेव्हा ती कुठे थांबेल ते आत्ताच ठरवा आणि गल्लीचा नंबर, कोपऱ्यावरची खूण, माझा फोन हे मोठ्या अक्षरात फोनशेजारी चिकटवा.

श्रावणातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाचे ढोल एका सोमवारचे, त्यावर कुरकुर करू नका. आपल्याही घरी तिच्या नैवेद्याचा रोट असतो. लग्नाचा डीजे रात्री दहानंतर वाजला तर ११२ ला फोन करा. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा २००० सालचा नियम आहे. वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. वर्षातले ठरावीक १५ दिवसच बारापर्यंत सूट मिळते आणि ते दिवस आधी जाहीर होतात, तेव्हा फोन करण्याआधी तारीख बघा. मोबाइलच्या अ‍ॅपवरचा आकडा कुणी पुरावा म्हणून धरत नाही. वेळ, जागा आणि आवाज कशाचा तेवढं सांगा. मंडपात जाऊन बोलायला स्वतः जाऊ नका.

रविवारी आधी वायरमनला बोलवा, सुताराला त्यानंतर. दाराच्या खालची फट दोन्ही टोकांना मोजून कळवा. जुनं दार बसलेलं असतं, एका बाजूला अर्धा इंच तर दुसऱ्या बाजूला पाऊण निघेल. पट्टी त्या मापाने मी इथूनच पाठवते.

तुमची,
ताई