ओळंबा धरणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहिते आहे. गेल्या रविवारी दुपारी शनिवारवाड्याच्या पटांगणात, दिल्ली दरवाजासमोर एक गुडघा टेकून कॅमेरा आभाळाकडे रोखलेली बाई आठवते का? ती मी. तुम्ही फरसाणाची पुडी घेऊन मागे उभे होतात. माझ्या स्क्रीनवर डोकावलात आणि म्हणालात, "ताई, वाडा पडतोय की तुमचा."

खरं सांगते, मला रागच आला. माझ्या फोटोंवर कुणी बोललं की तेव्हा पोटात गोळा यायचा. दिवाळीनंतर विजापूरला गेले होते. 1656 साली पुरा झालेला गोलघुमट, 44 मीटर व्यासाचा घुमट, कोपऱ्यांवर सात मजली मनोरे. माझ्या फोटोंत मात्र ते मनोरे एकमेकांकडे कलंडलेले, पंगत उठल्यावर पेंगणाऱ्या पाहुण्यांसारखे. मग चार हजार भरून एका कार्यशाळेला गेले. तिथल्या सरांनी दहा सेकंदांत वीस फोटो सरकवले, "लेन्स बदला" म्हणाले, कॅमेरा हातातून घेऊन काहीतरी फिरवलं आणि पुढच्याकडे वळले. काय फिरवलं ते मला अजून कळलेलं नाही. घरच्या ग्रुपवर अंगठे आले. भाचा म्हणाला, "मावशी, मोबाइलवरच काढत जा ना."

तुम्ही कॅमेऱ्याला हातही लावला नाहीत. पुडीचा दोरा सोडवलात, त्याला खिशातली घराची किल्ली बांधलीत, पुडी काखेत मारलीत आणि हात लांब करून दोरा दरवाजासमोर धरलात. "आम्ही गवंडी. आधी ओळंबा, मग बाकीचं." दरवाजाची कड दोऱ्याशी जुळवायला मी कॅमेरा खाली आणत गेले. तो सरळ समोर बघायला लागला तेव्हा कड जुळली, पण दरवाजाचा माथा कापला गेला आणि फोटोची अर्धी चौकट नुसत्या फरशीनं भरली. "येऊ द्या फरशी, घरी जाऊन कापा. आता मागं सरा."

मी मागे सरत गेले, पार बाजीरावांच्या पुतळ्यापर्यंत. तिथून दोरा मला दिसतसुद्धा नव्हता. तुम्हालाही ते ठाऊक असणार. तरी तुम्ही हात खाली घेतला नाहीत. उन्हात, पुडी काखेत, हात तसाच वर. मी सहा फोटो काढले, तेवढा वेळ. त्या हाताबद्दल हे पत्र आहे. बाकीचं मी कुठेतरी वाचूनही शिकले असते.

आकाश पांढरंफटक आणि दरवाजा काळाठिक्कर का येतो, हे विचारलं तर तुम्ही हसलात. दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे, थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो, मग उत्तरेच्या भिंतीवर ऊन यायचं कुठून? "त्या बाजूचा गिलावा वाळायला आम्ही किती थांबायचो, माहीत आहे?" 10 जानेवारी 1730 ला वाड्याचा पाया घातला, म्हणून हौसेनं जानेवारीच निवडणारी मी! ज्येष्ठात सकाळी या म्हणालात. ऊन तिरपं आलं की दाराचे सुळे, खालचा घडीव दगड आणि वरची वीट वेगवेगळी दिसतात. घरी येऊन पाहिलं. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. तुम्ही हे गिलाव्यावरून सांगितलंत.

पुण्यात फुकट सल्ल्याला तोटा नाही. रस्ता विचारला तर रस्ता आणि वर तुम्ही का चुकलात तेही कळतं. पण सल्ला देऊन झाल्यावर समोरच्याला जमेपर्यंत उभं राहणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत. त्या सरांना तरी कशाला बोल लावू? म्हणजे, लावतेच थोडा. चार हजार घेतले होते.

तुम्ही किल्ली सोडवून घेतलीत आणि दोरा मला दिलात. तो कॅमेऱ्याच्या पट्ट्याला बांधला आहे, टोकाला एक लोखंडी नट. परवा विश्रामबागवाड्यासमोर लोंबकळवून पाहिला, तेव्हा फुलवाली म्हणाली, "दृष्ट काढता का वाड्याची?" तो लाकडी दर्शनी भाग, ते सुरूच्या झाडाच्या घाटाचे खांब, पहिल्यांदाच ताठ उभे आले.

आणि एक सांगायचं राहिलं. रविवारच्या सहा फोटोंपैकी चौथ्यात डाव्या बाजूला तुम्ही आला आहात. आकाश पांढरंच आहे, दरवाजा काळाच आहे, पण सरळ आहे, आणि तो केवढा आहे ते तुमच्यामुळे कळतं. प्रत काढून पिशवीत ठेवली आहे. ज्येष्ठातल्या पहिल्या रविवारी सकाळी सहाला पुतळ्यापाशी असेन. पुडी मी आणते.

तुमची,
वाडा पाडणारी ताई