‘शाकाहारी रामेन’ म्हणून डुकराच्या हाडांचा रस्सा: जपान सहलीतील जेवणाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा,
आंतरराष्ट्रीय सहल विभाग, पुणे कार्यालय

विषय: टोकियो–क्योटो–ओसाका सहलीत ठरलेल्या रामेनच्या दोन जेवणांबाबत तक्रार व परताव्याची मागणी

महोदय/महोदया,

आपल्या कार्यक्रमपत्रिकेत दोन रात्रींच्या जेवणासमोर ‘अस्सल जपानी रामेन (शाकाहारी पर्याय उपलब्ध)’ असे छापलेले आहे. रामेन म्हणजे गरम रश्श्यातल्या जपानी नूडल्स. हे जेवण सहलीच्या दरात धरलेले होते. प्रत्यक्षात आपण निवडलेल्या दोन्ही दुकानांत शाकाहारी पर्याय नव्हता. आमच्या ३४ जणांच्या गटात १९ शाकाहारी होते, त्यांतले पाच जैन. ही नोंद बुकिंगच्या वेळी आपल्याच फॉर्मवर करून घेतलेली आहे. तरीही पहिल्या रात्री त्यांच्यापैकी अनेकांच्या पोटात डुकराच्या हाडांचा रस्सा गेला. चव आवडली नाही किंवा पोट भरले नाही अशी ही तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

पहिले दुकान टोकियोत शिंजुकु स्थानकाजवळचे. पाटीवर, दारातल्या तिकिटाच्या यंत्रावरच्या बटणांवर आणि भिंतीवरच्या फळीवर, तिन्हीकडे ‘तोन्कोत्सु’ लिहिलेले होते. गटातल्या दोघांनी पुण्यात जपानी शिकलेले असल्यामुळे ते वाचता आले. तोन्कोत्सु म्हणजे डुकराची हाडे तासन्‌तास खळखळ उकळून केलेला दाट पांढरा रस्सा. ही जपानमधल्या फुकुओका शहराकडची, म्हणजे हाकाता पद्धत. हाडांतली चरबी आणि जिलेटिन पाण्यात मिसळून एकजीव होते, म्हणून रस्सा दुधासारखा दिसतो. आपल्या टूर मॅनेजरनी तो पाहून ‘सोया मिल्कचा बेस असतो’ असे सांगितले. सोया दुधाचे रामेन काही दुकानांत मिळते हे खरे, पण ते हे नव्हे.

शाकाहारी प्रवाशांना आपण एक छापील कार्ड दिले होते. त्यावर जपानीत एवढेच होते: ‘कृपया मांस घालू नका.’ दुकानदाराने ते वाचले, मान डोलावली आणि सांगितल्याप्रमाणे वरचे ‘चाशू’चे, म्हणजे डुकराच्या मांसाचे, काप काढून बाकीचा वाडगा जसाच्या तसा समोर ठेवला. त्याचे काहीही चुकलेले नाही. त्याला जेवढे सांगितले तेवढे त्याने केले.

रामेनच्या वाडग्यात पाच गोष्टी असतात आणि त्या वेगवेगळ्या तयार होतात. तळाला आधी ‘तारे’ पडते: शोयु (सोया सॉस), मीठ किंवा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) यांचे खारट अर्क, साधारण ३० मिलिलिटर. त्यावर सुगंधी तेल किंवा चरबी, चमचाभर ते दीड चमचा. मग ३०० ते ३५० मिलिलिटर गरम रस्सा. मग नूडल्स, हाकाता पद्धतीत १००-१२० ग्रॅम, इतरत्र १३०-१५०. शेवटी वरची सजावट: चाशू, मुरवलेले अंडे, आंबवलेले बांबूचे कोंब, कांद्याची पात, नोरी (वाळवलेल्या समुद्रशेवाळाचा पापुद्रा). आपले कार्ड यातल्या फक्त शेवटच्या भागाबद्दल बोलते, आणि तेही अर्धेच, कारण अंडे बहुधा चाशू शिजवलेल्याच सॉसमध्ये मुरवतात. रस्सा पहाटेपासून किंवा आदल्या दिवसापासून चुलीवर असतो. तारेमध्ये वाळवलेल्या बोनितो माशाचा किंवा सुकवलेल्या बारीक माशांचा अर्क बहुतेक वेळा असतोच. तेल म्हणून बऱ्याच ठिकाणी डुकराची चरबी जाते. ऑर्डर दिल्यावर यातले काहीही बदलता येत नाही. म्हणून रामेन शाकाहारी आहे की नाही हे दुकान निवडताना ठरते. काउंटरवर कार्ड दाखवून ते ठरत नाही. आपल्या नियोजनातली मूळ चूक ही आहे. पुढच्या सगळ्या गोष्टी तिच्यातून निघाल्या.

क्योटोतल्या दुकानाची गोष्ट आणखी वाईट, कारण तोवर आम्ही लेखी हरकत घेतली होती. उत्तर आले, ‘आज पोर्क नाही, शोयु रामेन आहे, शोयु म्हणजे सोया सॉस.’ शोयु हे तारेचे नाव आहे, रश्श्याचे नव्हे. क्योटोत शोयु रामेनखाली बहुधा कोंबडीचा रस्सा असतो, आणि कित्येक दुकाने वरून डुकराच्या पाठीच्या चरबीचे पांढरे कण चाळणीतून झटकून घालतात. ते कण आमच्या वाडग्यांत तरंगत होते. ते दाखवल्यावर टूर मॅनेजर म्हणाले, ‘तीळ असतील.’ त्यानंतर ‘भाज्यांचे रामेन’ मागवण्यात आले. ‘यासाइ रामेन’ म्हणजे त्याच रश्श्यावर परतलेली कोबी, गाजर आणि मोड आलेले मूग. त्यातली भाजीही अनेकदा त्याच चरबीत परततात. पर्याय म्हणून आणलेल्या ग्योझात (मोमोसारख्या पदार्थात) डुकराचा खिमा होता आणि फ्राइड राइसमध्ये चाशूचे तुकडे. शेवटी १९ जणांनी बसमध्ये खाकरे आणि ठेपले खाल्ले, स्वतःचे.

आता बसायच्या जागेबद्दल. पहिल्या दुकानात काउंटरला दहा स्टूल होते, टेबल एकही नाही. अशा दुकानांत आरक्षण बहुधा नसते, ती गटांसाठी बांधलेलीच नसतात. हिशेब साधा आहे: नूडल्स उकळायच्या भांड्यात साधारण सहा जाळ्या, म्हणजे एका वेळी सहा वाडगे, एका माणसाला बसल्यापासून उठेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे, ३४ माणसांना चार फेऱ्या. म्हणजे सुमारे दीड तास. कार्यक्रमात वेळ दिला होता ४५ मिनिटे. परिणामी शेवटच्या फेरीतली माणसे बसायच्या आतच बस निघायची घाई सुरू झाली. शिवाय ‘सगळे एकत्र सुरू करू’ म्हणून पहिल्या दहा जणांना थांबवून ठेवण्यात आले. हाकाता पद्धतीच्या बारीक नूडल्स मिनिटाच्या आत शिजतात आणि गरम रश्श्यात चार-पाच मिनिटांत लिबलिबीत होतात. रामेन समोर आले की खायला लागायचे, शेजाऱ्याचे यायची वाट बघायची नाही. पंगतीचा नियम इथे लागू करून आपल्या माणसाने मांसाहारी मंडळींचेही जेवण घालवले.

तिकिटाचे यंत्र हा स्वतंत्र गोंधळ होता. दारातल्या यंत्रात आधी पैसे घालायचे, मग बटणे उजळतात, हवे ते दाबायचे, चिठ्ठी घ्यायची, सुट्ट्यासाठी खटका ओढायचा आणि चिठ्ठी काउंटरवर द्यायची. वरच्या डाव्या कोपऱ्यातले बटण बहुधा दुकानाच्या मुख्य पदार्थाचे असते. टूर मॅनेजरकडे सगळे पैसे १०,००० येनच्या नोटांत होते. यंत्र फक्त १,००० च्या नोटा आणि नाणी घेणारे होते, आणि त्यातही जुन्या नोटा. जपानने ३ जुलै २०२४ रोजी नवीन नोटा काढल्या. जुन्या हजाराच्या नोटेवर नोगुचि हिदेयो आहेत, नव्यावर कितासातो शिबासाबुरो. लहान दुकानांतली जुनी यंत्रे नवी नोट परत ढकलतात. २०२१ मध्ये आलेले ५०० येनचे नवे नाणेही काही यंत्रे घेत नाहीत. रोज जपानला गट नेणाऱ्या कंपनीला हे माहीत असायला हवे होते. आमच्या मागे कामावरून परतणाऱ्या लोकांची रांग उभी असताना समोरच्या दुकानातून सुटे आणण्यात वीस मिनिटे गेली. कोणी काही बोलले नाही. पण मान खाली घालून कोण उभे होते, हे आपल्याला सांगायला नको.

त्यातच ३४ माणसांसाठी २४ चिठ्ठ्या काढल्या गेल्या. ‘दोघांत एक पुरते’ असे आम्हाला सांगण्यात आले. अशा दुकानात बसणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाने निदान एक वाडगा घ्यायचा असतो, कारण त्यांचे उत्पन्न दहा स्टुलांवरच चालते. दुकानदाराने हात हलवून नकार दिला आणि बरोबरच केले. आम्ही दर माणशी एका जेवणाचे पैसे भरले आहेत. उरलेल्या दहा वाडग्यांचे पैसे कुठे गेले, याचा हिशेब हवा आहे. (ज्याला जास्त भूक असेल त्याने हाकाता पद्धतीच्या दुकानात ‘काएदामा’, म्हणजे त्याच रश्श्यात नूडल्सची दुसरी खेप, घ्यायची असते. त्यासाठी थोडा रस्सा शिल्लक असताना सांगावे लागते. याउलट ‘रस्सा टाकला तर अपमान होतो’ असे ज्येष्ठांना बजावण्यात आले. तसे काही नाही. रस्सा वाडग्यात राहिला तरी कोणी बोलत नाही, आणि पूर्ण वाडग्यात पाच-सहा ग्रॅम मीठ सहज असते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना असला सल्ला देऊ नये.)

परत आल्यावर आपल्या कार्यालयाने फोनवर दोन उत्तरे दिली. पहिले, ‘स्थानिक रेस्टॉरंटने चुकीची माहिती दिली.’ दुकानाने कोणतीही माहिती दिलेली नाही, कारण कोणी विचारलीच नाही. पाटीवर मात्र खरे तेच लिहिलेले होते. जपानमध्ये ठरावीक ॲलर्जीकारक घटक छापण्याची सक्ती पाकीटबंद पदार्थांना आहे, रेस्टॉरंटच्या ताटाला नाही. त्यामुळे चौकशीची जबाबदारी ज्याने दुकान निवडले त्याच्यावर येते. दुसरे उत्तर, ‘अटींमध्ये लिहिले आहे की परदेशात शाकाहारी जेवणाची हमी नाही.’ मग तेच जेवण पत्रिकेत ठळक अक्षरांत ‘शाकाहारी पर्याय उपलब्ध’ म्हणून का छापले? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ही सेवेतील त्रुटी आहे (कलम २(११)) आणि दिशाभूल करणारी जाहिरातही (कलम २(२८)).

जपानमध्ये शाकाहारी रामेन मिळत नाही, असे उत्तर कृपया देऊ नका. टोकियो स्थानकाच्या आत, केइयो मार्गिकेकडे जाणाऱ्या गल्लीत ‘टीज्‌ तानतान’ हे संपूर्ण व्हीगन (प्राणिजन्य काहीही न वापरणारे) दुकान आहे. तिळाचा दाट रस्सा आणि सोयाचा खिमा. ते तिकीट फाटकाच्या आत आहे, म्हणून रेल्वेने प्रवास असलेल्या दिवशीच ते ठेवावे, आणि गटाला चार-सहाच्या तुकड्यांत, दुपारी तीनच्या सुमारास न्यावे. बाराच्या ठोक्याला नको. मांसाहारी मंडळींना शिन-योकोहामाचे रामेन संग्रहालय सोयीचे पडेल. १९९४ पासून ते सुरू आहे, तळघरात १९५८ च्या जपानची गल्ली उभी केली आहे, वेगवेगळ्या प्रांतांची दुकाने एकाच छताखाली आहेत आणि लहान आकाराचे वाडगेही मिळतात. जैन प्रवाशांसाठी ‘गोकुन’ वगळून मिळेल का, असे विचारावे. कांदा, लसूण, पात हे सारे त्यात येते आणि व्हीगन दुकानांना ही मागणी परिचयाची असते. कंदमुळांचे मात्र वेगळे विचारावे लागेल.

कार्डही बदला. डुक्कर, कोंबडी, गाय, मासे, शिंपले, हाडांचा रस्सा, माशांचा अर्क, चरबी, जिलेटिन यांची नावे त्यावर हवीत, अंड्यासाठी वेगळी चौकट हवी, आणि शेवटी विनंतीऐवजी प्रश्न हवा: ‘रस्सा, तारे आणि तेल, तिन्ही वनस्पतीजन्य आहेत का?’ पुढे ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन गोल. हे कार्ड चिठ्ठी काढण्याआधी दाखवायचे. ‘नाही’वर बोट पडले तर दुकानदाराचे आभार मानून बाहेर पडायचे.

आमच्या मागण्या अशा. १९ शाकाहारी प्रवाशांना दोन्ही जेवणांची पूर्ण रक्कम परत मिळावी आणि त्याशिवाय झालेल्या मानसिक त्रासाची भरपाई मिळावी. पहिल्या रात्री न घेतलेल्या दहा वाडग्यांचा हिशेब लेखी मिळावा. पुढच्या तुकडीच्या पत्रिकेतून ‘शाकाहारी पर्याय उपलब्ध’ हे शब्द, दुकानाकडून लेखी खात्री होईपर्यंत, काढून टाकावेत. आपले पुढचे गट मार्चअखेर चेरीच्या बहराला निघतात आणि त्यांतही शाकाहारी प्रवासी असणार, म्हणून ही तिसरी मागणी आम्हाला पैशांपेक्षा तातडीची वाटते. आपल्या टूर मॅनेजरना वैयक्तिक शिक्षा व्हावी असे मुळीच नाही. त्यांना कोणी शिकवलेच नव्हते, हे उघड दिसत होते.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) नोंद करून पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करू. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, हे आपल्या विधी विभागालाही ठाऊक असेलच.

सोबत कार्यक्रमपत्रिकेची प्रत, बुकिंग फॉर्म, आपण दिलेले कार्ड, दोन्ही दुकानांच्या पाट्यांची व वाडग्यांची छायाचित्रे आणि २४ चिठ्ठ्यांचा फोटो जोडला आहे.

आपले,
सहलीतील प्रवासी
(सह्यांचा कागद स्वतंत्र जोडला आहे)