टोटोचा चष्मा

मा. संपादक,
रविवारच्या पुरवणीत मुलांच्या जादूकथांवर आलेला लेख वाचला. ‘विझर्ड ऑफ ऑझ’मधली पिवळ्या विटांची वाट म्हणजे सोन्याचे चलन आणि नायिका डोरोथीचे चांदीचे बूट म्हणजे चांदीचे चलन, हे लेखकाने सिद्ध झाल्यासारखे मांडले आहे. या कोष्टकाचा जन्म कसा झाला, तेही छापायला हवे होते.

एल. फ्रँक बॉम यांचे हे पुस्तक १९०० सालचे. ते केवळ मुलांच्या आनंदासाठी लिहिले, असे त्यांनी प्रस्तावनेतच सांगितले आहे. पुढे १९६४ साली हेन्री लिटलफील्ड या इतिहासाच्या शिक्षकाने ही जुळणी प्रसिद्ध केली. १८९०च्या दशकातले अमेरिकी राजकारण विद्यार्थ्यांच्या गळी उतरवायला ती सोयीची होती. तेव्हा शेतकऱ्यांची पॉप्युलिस्ट चळवळ सोन्याबरोबर चांदीचेही चलन मागत होती. बुजगावणे म्हणजे शेतकरी, पत्र्याचा माणूस म्हणजे कामगार. (चित्रपट पाहिलेल्यांना बूट लाल आठवतील. पुस्तकात ते चांदीचेच.) वर्गातली ही युक्ती इतरांनी सिद्धान्त म्हणून उचलली. औंस इंग्रजीत थोडक्यात ‘oz’ लिहितात, म्हणून कुणाला ‘ऑझ’मध्ये सोन्याचा औंससुद्धा दिसला. शेवटी १९९२ साली खुद्द लिटलफील्ड यांनीच ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला पत्र लिहिले की, बॉम त्या पॉप्युलिस्ट चळवळीचे पाठीराखे होते असे मानायला आधार नाही.

जोड्या लावताना जुळेल तेवढेच उचलले जाते, गोम तिथे आहे. चांदीचे बूट शेवटी वाळवंटात पडून हरवतात. झाला चांदीचा पराभव. हरवले नसते, तर विजय म्हटले असते. दोन्हीकडून जमणारा अर्थ पुस्तकातून आलेला नसतो.

गंभीर वाचन नकोच, असे नाही. हॅरी पॉटरच्या चौथ्या भागात (२०००) हॅरीची मैत्रीण हर्मायनी जादूगारांच्या घरी बिनपगारी राबणाऱ्या एल्फ या बुटक्या जीवांच्या हक्कांसाठी संघटना काढते, बिल्ले विकते. तिथे वेठबिगारीवर खुशाल लिहा, ती कथेतच आहे.

आमच्याकडे शिमग्यात दारोदार फिरणाऱ्या संकासुराच्या सोंगाच्या कमरेची घुंगरे वाजली की पोरे दाराआड दडतात आणि तो पुढच्या घराकडे वळला की त्याच्याच मागे धावतात. वेद पळवणारा असुर कशाचे प्रतीक, हा प्रश्न नंतरचा. भीती कुठे ताणली, कुठे सैल सोडली, हे आधी बघावे.

ऑझमध्येही अशी जागा आहे. पाचूनगरीच्या वेशीवरचा दारवान आत येणाऱ्या प्रत्येकाला हिरवा चष्मा चढवतो. डोक्यामागे सोन्याच्या पट्ट्या, त्यांना कुलूप, किल्ली त्याच्या गळ्यातल्या साखळीत. हिरवेपणाची मेख या भिंगांत आहे. डोरोथी, बुजगावणे, पत्र्याचा माणूस, सिंह यांचे झाल्यावर तो टोटो कुत्र्यालाही चष्मा घालतो, आणि तोही कुलूपबंद. हे वाचून दाखवताना मुले हमखास खिदळतात. लेखात पाचूनगरीवर दोन परिच्छेद आहेत. टोटोच्या चष्म्याबद्दल अवाक्षर नाही.

– एक वाचक, गुहागर (जि. रत्नागिरी)