ब्रनोतल्या माझ्या माणसांना थँक्यू

चेक रिपब्लिकमधल्या ब्रनो शहरात एक्स्चेंजचं सेमिस्टर संपवून परवा पुण्याला आले, तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. नावं लिहीत नाहीये, पण ज्यांचं त्यांना कळेल.

सगळ्यात आधी खालच्या मजल्यावरच्या आजी. त्यांना शाळेत रशियन सक्तीचं होतं त्यामुळे इंग्रजी अजिबात नाही, माझं चेक म्हणजे "दोब्री देन" आणि "द्येकुयी" एवढंच, तरी दर रविवारी बोलवायच्या, दारातच घरातल्या चपला पुढे करायच्या आणि प्लम भरलेले क्नेडलिकी, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, वाढायच्या, वरून लोणी आणि खसखस, मला तर आमच्या उकडीच्या मोदकांचीच आठवण यायची! 1968 च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत टँक देशात घुसले ते त्यांनी हातवारे करून सांगितलं, आणि मग बराच वेळ गप्प बसून राहिल्या.

होस्टेलच्या ऑफिसातल्या काकू पहिले दोन महिने हसल्या नाहीत, मला वाटायचं रागावल्यात. पण मला ताप आला तेव्हा स्वतः दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे बसल्या बसल्या 1989 च्या कम्युनिस्ट सरकारविरुद्धच्या आंदोलनाचं सांगितलं, तेव्हा त्या कॉलेजात होत्या, चौकात सगळे किल्ल्या वाजवायचे म्हणे, आणि पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढून हळूच वाजवून दाखवला. तो आवाज अजून कानात आहे.

आणि रात्री चुकीच्या ट्राममध्ये बसले तेव्हा माझ्यासोबत उतरून होस्टेलपर्यंत आलेला तो मुलगा, तुझं तर नावही विचारायचं राहिलं रे, खूप थँक्यू.

आजी, तुम्ही दिलेली पोविडलाची (प्लमच्या जॅमची) बरणी नीट पोचली, आईने काल पोळीला लावून खाल्लं.