बाटलीची मागची बाजू वाच

चि. अथर्व,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले सगळ्या बाटल्यांचे फोटो पाहिले. मोठे करून मागची बारीक अक्षरंही वाचली. फेसवॉशमध्ये मिथाइलपॅराबेन (पॅराबेन गटातलं एक रसायन) आहे, तर तो फेकून देऊ का, एवढंच तू विचारलं होतंस. फेकू नकोस. मला काळजी वाटावी असं त्या फोटोंत दुसरंच काही दिसलं, त्याकडे येतेच. पण आधी पॅराबेनचं सांगते, कारण त्याने कर्करोग होतो ही भीती इतकी पसरली आहे की तिचं मूळ तुला ठाऊक असायला हवं.

क्रीममध्ये पाणी असतं, तेल असतं आणि रोज आपलं बोट त्यात जातं. जंतूंना वाढायला एवढं पुरतं. अशा क्रीमचे नमुने तपासण्यातच माझी नोकरी गेली. परिरक्षक, म्हणजे जंतू वाढू न देणारं रसायन, कमी पडला तर स्युडोमोनाससारखे जंतू त्यात खुशाल वाढतात, आणि वरून क्रीम पांढरंशुभ्र, छान वासाचं दिसत राहतं. म्हणून परिरक्षक लागतोच. पॅराबेन त्या कामासाठी अनेक दशकं वापरात आहेत. २००४ साली ब्रिटनमधल्या संशोधकांना स्तनाच्या गाठींच्या २० नमुन्यांत पॅराबेन आढळलं आणि ती बातमी जगभर गेली. त्या अभ्यासात निरोगी ऊतींशी तुलना केलेली नव्हती, आणि पॅराबेनमुळे गाठ झाली असं संशोधकांनीही म्हटलं नव्हतं. पुढे २०१४ मध्ये युरोपने या गटातली पाच रसायनं बंद केली, कारण ती सुरक्षित आहेत हे दाखवणारी पुरेशी माहिती समोर आली नव्हती. मिथाइलपॅराबेन त्या पाचांत नाही. त्याला ०.४ टक्क्यांपर्यंत परवानगी आहे.

नंतर काय झालं ते जास्त लक्षात ठेव. लोक पॅराबेनला घाबरले, तसे कंपन्यांनी दुसरे परिरक्षक वाढवले. त्यातलं एक मिथाइलआयसोथायाझोलिनोन. त्याने इतक्या लोकांना ॲलर्जी झाली की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने २०१३ साली त्याला ‘वर्षातला ॲलर्जन’ (ॲलर्जी आणणारा पदार्थ) ठरवलं, आणि २०१७ पासून युरोपमध्ये लावून ठेवायच्या क्रीम-लोशनमध्ये ते घालायला बंदी आली. तेव्हा बाटलीच्या पुढच्या बाजूला ‘पॅराबेनमुक्त’ लिहिलेलं दिसलं की मागे वळवून बघ, त्याच्या जागी काय घातलंय.

मागची घटकांची यादी वाचायची रीत सोपी आहे. ज्याचं प्रमाण सर्वांत जास्त ते पहिलं, मग उतरता क्रम. बहुतेक ठिकाणी पहिलं नाव पाणीच असतं. हा क्रम एक टक्क्यापर्यंतच पाळावा लागतो, त्याखालचे घटक कंपनी हवे तसे मागेपुढे लिहू शकते. ही एक टक्क्याची रेघ कुठे आहे ते छापलेलं नसतं, पण ओळखायची एक खूण आहे. फिनॉक्सीइथेनॉल नावाचा परिरक्षक युरोपच्या नियमाने एक टक्क्याहून जास्त घालता येत नाही, आणि बऱ्याच देशांतले उत्पादक तीच मर्यादा पाळतात. तो सापडला की यादीत त्याच्या नंतरचं सगळं एक टक्क्याच्या आतलं समज. तुझ्या त्या हिरव्या बाटलीवर पुढे कोरफड केवढी मोठी काढली आहे! मागे मात्र तिचा अर्क फिनॉक्सीइथेनॉलच्याही नंतर, शेवटून तिसरा आहे. त्या बाटलीत खरं काम ग्लिसरीन करतंय, जे पाण्याच्या लगेच नंतर आहे. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. ते स्वस्त आहे आणि गुणाचं आहे, फक्त त्याचं चित्र कुणी काढत नाही.

पण कमी प्रमाण म्हणजे निरुपयोगी, असंही धरू नकोस. रेटिनॉल, म्हणजे व्हिटॅमिन एचा एक प्रकार, एक टक्क्याच्या आतही भरपूर काम करतं.

आता माझी काळजी. तुझ्याकडे सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश आहे, ग्लायकोलिक ॲसिडचा टोनर आहे, व्हिटॅमिन सी आहे आणि रात्री रेटिनॉल. वर तू लिहितोस, साधं पाणी लागलं तरी चेहरा चुरचुरतो, नाकाच्या कडेला साल निघते, ‘म्हणजे औषध लागू पडतंय’. नाही रे. त्वचा सोलवटली आहे.

कातडीचा सर्वांत वरचा थर मिलिमीटरच्या एक-दोन शतांश जाडीचा असतो. मृत पेशींचा असला तरी शरीरातलं पाणी आत आणि जंतू बाहेर ठेवण्याचं मोठं काम तोच करतो. त्या पेशींच्या मधल्या फटी सेरामाइड नावाचे मेद, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं भरून काढतात. आम्लं या थराची पकड सैल करतात, ठरावीक मात्रेत त्याचा फायदाही होतो. पण आम्लांवर आम्लं आणि वर रेटिनॉल, असं रोज चाललं की थर भरून यायला वेळच मिळत नाही. मग पाणी निघून जातं, आग होते आणि पुटकुळ्या उलट वाढतात. तुला वाटतं मुरुम आहेत म्हणून आणखी एक बाटली हवी. मला वाटतं, त्यातले काही मुरुम या बाटल्यांनीच आणलेत.

म्हणून आज या चारही गोष्टी थांबव. सौम्य, बिनवासाचा फेसवॉश ठेव. साबण नको, कारण त्याचा पीएच (आम्लता मोजायचं माप) नऊ-दहाच्या घरात असतो आणि त्वचेचा पाचच्या आसपास. मॉइश्चरायझर असा घे की ज्याच्या यादीत वरच्या भागात ग्लिसरीन असेल आणि सेरामाइड किंवा पेट्रोलॅटम (व्हॅसलीन असतं ते) असेल. पेट्रोलॅटमला खनिज तेलाचं म्हणून नावं ठेवतात, पण पाणी उडू न देण्यात त्याच्या तोडीचं फार थोडं आहे, आणि औषधी दर्जाचं शुद्ध केलेलं असेल तर त्याने छिद्रं बुजत नाहीत. सकाळी सनस्क्रीन, एसपीएफ ३० पुरे. ते सुमारे ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे उन्हातली त्वचा भाजणारी किरणं अडवतं, ५० वालं ९८. फरक एवढाच. खरा फरक किती लावतोस त्याने पडतो. चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावतात आणि आपण त्याच्या निम्म्यानेही लावत नाही. दोन बोटांच्या लांबीइतकं काढ.

चार-सहा आठवड्यांनी चुरचुर थांबली, की एकच गोष्ट परत आण. मुरुमांसाठी मी सॅलिसिलिक निवडेन. ते तेलात विरघळतं, त्यामुळे छिद्रांतल्या तेलात शिरतं, ग्लायकोलिकला ते जमत नाही. किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड, पण २.५ टक्क्यांचंच. १० टक्क्यांचंही जवळपास तेवढंच काम करतं आणि आग मात्र जास्त करतं. (उशीचे अभ्रे पांढरे वापर, रंग उडवतं ते.) नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून पाहा.

वासाबद्दल थोडंसं. यादीत ‘पर्फ्युम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ या एका शब्दाखाली डझनावारी रसायनं बसू शकतात. ‘नैसर्गिक तेलांचा वास’ म्हटल्याने ते सौम्य होत नाही. लिमोनीन, लिनालूल ही झाडांचीच देणगी, पण हवा लागून त्यांचं ऑक्सिडीकरण झालं की ॲलर्जी करतात. ‘हायपोॲलर्जेनिक’, म्हणजे ‘ॲलर्जीची शक्यता कमी’, या शब्दावरही विसंबू नकोस. १९७५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तो लिहिण्याआधी चाचणी सक्तीची केली होती, १९७७ मध्ये न्यायालयाने तो नियमच रद्द केला. आजही तिथे त्या शब्दाला कायद्याची व्याख्या नाही.

शेवटच्या फोटोत कोपऱ्यात एक निळी ट्यूब आहे. खोलीतल्या मित्राने दिली, डाग लवकर जातात, असं तू लिहिलंस. तिच्यावर घटकांची यादीच नाही. बाकी सगळं माझं नाही ऐकलंस तरी चालेल, पण ही ट्यूब चेहऱ्याला लावायला सुरुवात करू नकोस. इतक्या झटपट उजळवणाऱ्या आणि यादी लपवणाऱ्या क्रीममध्ये जगभर दोन गोष्टी सापडत आल्या आहेत. एक पारा, जो कातडीतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. दुसरं बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं स्टिरॉइड. त्याने पहिले काही दिवस चेहरा सुंदर दिसतो, मग कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, मुरुम उसळतात आणि थांबवलं की चेहरा लालभडक होतो. म्हणून, तू ती आधीच बरेच दिवस लावत असशील तर मात्र एकदम बंदही करू नकोस. ट्यूब बरोबर घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि खरं ते सांग. कसं सोडवायचं ते त्यांना ठरवू दे.

किती दिवस लावतोयस ते आजच कळव. मी रागावणार नाही. मित्रालाही हे पत्र वाचायला दे.

तुझी,
आई